ताट बदललं, गोळ्या तशाच राहिल्या

मधुमेहावर उपचार करणाऱ्या सर्व डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

मी त्रेपन्न वर्षांची आहे. टाइप २ मधुमेहाचं निदान होऊन सात वर्षं झाली. पाचव्या वर्षी मी जेवणातली कर्बोदकं कमी केली, म्हणजे ज्याला आता सगळे लो-कार्ब म्हणतात ते सुरू केलं, आणि ही गोष्ट माझ्या डॉक्टरांपासून लपवली. नवव्या दिवशी दुपारी जिन्यात बसकण मारली ती उठताच येईना. हात थरथरत होते, अंगाला दरदरून घाम सुटला होता, आणि समोर आलेल्या शेजारच्या बाईंना 'साखर' हा एवढा एकच शब्द सांगायचा होता, तो जिभेवर येत नव्हता. त्यांच्या आईला मधुमेह होता म्हणून त्यांनीच ओळखलं आणि साखरेचं पाणी पाजलं. नंतर घरी नेऊन तपासलं तेव्हा ग्लुकोमीटरवर ५१ दिसलं. पाणी पिण्याआधी आकडा किती असेल, याचा विचार मी आजही टाळते.

रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की सावध व्हायचं आणि ५४ च्या खाली गेली की ती गंभीर, हे तुम्हाला मी सांगायला नको. मला मात्र ते तोपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. पाच वर्षं मला साखर वाढण्याची भीती घातली गेली होती. ती उतरूही शकते, आणि उतरली तर काही मिनिटांत माणूस आडवा होतो, हे मी जिन्यात शिकले.

त्या सकाळी मी नेहमीप्रमाणे साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी घेतली होती. ताटातला भात आणि पाव गेला होता, गोळी तेवढीच राहिली होती. सगळा अपघात एवढाच. आणि हे पत्र त्याच्यासाठीच आहे.

लपवलं का, हा प्रश्न तुम्हाला पडेल. तीन महिने आधी मी विचारलं होतं. 'डॉक्टर, कार्ब कमी केले तर चालेल का?' उत्तर आलं, 'असले प्रयोग करू नका, ते टिकत नाहीत.' एवढं बोलून त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली आणि गोळीचा डोस एक मिलिग्रॅमने वाढवला. मी त्यांना दोष देत नाही. बाहेर रांग होती, माझ्या वाट्याची दहा मिनिटं संपली होती, आणि 'टिकत नाहीत' यात तथ्यही आहे, त्याकडे मी पुढे येईन. पण त्या उत्तराचा माझ्यावर परिणाम काय झाला ते ऐका. मी आहार बदलायचा विचार सोडला नाही. मी फक्त तुम्हाला सांगायचा विचार सोडला.

माझ्यासारख्या किती जणी आणि किती जण असतील, हे मी मोजू शकत नाही. पण तपासणीच्या दिवशी बाहेर बाकावर बसलं की कानावर येतंच. एक जण धान्य बंद केल्याचं सांगतो, दुसरी दिवसातून एकदाच जेवते, तिसरा कुठल्या तरी व्हिडिओवरून केटो, म्हणजे कर्बोदकं जवळपास बंद, करतो. आत गेल्यावर तुम्ही विचारता, 'पथ्य सांभाळताय ना?' आणि तिघंही मान हलवतात.

आता वजनाबद्दल. निदान झालं तेव्हा माझं वजन ८१ किलो होतं. पाच वर्षांत ते ९२ झालं. प्रत्येक तपासणीला मला वजन कमी करा असं सांगितलं गेलं, आणि जवळपास प्रत्येक वेळी ज्या औषधाने वजन वाढू शकतं त्याचा डोस वाढवला गेला. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली आले, तेव्हापासून हे लिखित स्वरूपात आहे: दहा वर्षांत इन्सुलिन घेणाऱ्यांचं वजन नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपेक्षा सरासरी ४ किलोने जास्त वाढलं, माझ्या गोळीच्याच गटातलं ग्लिबेनक्लामाइड घेणाऱ्यांचं १.७ किलोने. त्याच अभ्यासाने हेही दाखवलं की साखर ताब्यात ठेवल्याने डोळे आणि मूत्रपिंडं वाचतात. म्हणून ही औषधं वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. त्यांनी माझे डोळे सांभाळले असतील. पण मला कोणीतरी एवढं सांगायला हवं होतं की वजन वाढण्यात गोळीचाही हात असू शकतो. लघवीवाटे वाया जाणारी साखर आता अंगी लागते, इन्सुलिन वाढलं की शरीर चरबी सोडायला नाखूश असतं, आणि साखर थोडी उतरली की भूक खवळते. हे कळलं असतं तर 'माझ्यातच निग्रह नाही' असं मानत मी पाच वर्षं घालवली नसती. वजनकाट्यावर उभं राहताना मी डोळे मिटायचे. नर्सने आकडा मोठ्याने वाचला की बाकावरच्या अनोळखी माणसांसमोर अपराधी वाटायचं.

कर्बोदकं कमी केल्यावर पहिल्या आठवड्यात माझं वजन अडीच किलोने उतरलं. मला वाटलं चमत्कार झाला. ते बहुतांशी पाणी होतं. यकृतात आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीतली साखर, वापरलं जातं आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बाहेर पडतं. हे आधी माहीत असतं तर दुसऱ्या आठवड्यात काटा अर्धाच किलो उतरला तेव्हा मी रडले नसते. खरा बदल वेगळाच होता: दुपारी चार वाजता जी भूक मला स्वयंपाकघरात ओढून न्यायची, ती थांबली. अंडी, मासे, चीज, भरपूर भाज्या, मूठभर बदाम, आणि दिवसाला अंदाजे ऐंशी ते शंभर ग्रॅम कर्बोदकं. पोट भरलेलं असायचं. पथ्यावर असून उपाशी नसणं हे माझ्यासाठी सर्वस्वी नवं होतं.

हे करताना ऐकावा लागलेला एक आक्षेप आहारतज्ज्ञांसाठी इथे नोंदवते. 'मेंदूला रोज १३० ग्रॅम कर्बोदकं लागतात, त्याखाली जाऊ नका.' मेंदू बराचसा ग्लुकोजवर चालतो हे खरं, आणि १३० चा आकडा तिथूनच आला आहे. पण ते ग्लुकोज ताटातूनच यायला हवं असं नाही. यकृत ते प्रथिनांपासून आणि चरबीतल्या ग्लिसरॉलपासून तयार करतं, आणि कर्बोदकं फारच कमी असली तर मेंदू चरबीपासून बनणाऱ्या कीटोनवरही भागवतो. असा अर्धाच खरा आक्षेप रुग्णाने थोडं वाचल्यावर खोटा वाटू लागतो, आणि मग तुमचे बाकीचे खरे इशारेही तो कानाआड करतो.

कर्बोदकं कमी करण्याचं हे खूळ काल-परवाचं नाही. १७९७ साली जॉन रोलो या लष्करी शल्यवैद्याने एका मधुमेही कॅप्टनला मुख्यतः मांसाहारावर ठेवून त्याची प्रकृती सुधारल्याचं लिहून ठेवलं. १८७० मध्ये पॅरिसला वेढा पडला, अन्नाची टंचाई झाली, आणि बुशार्दा या डॉक्टरच्या लक्षात आलं की त्याच्या रुग्णांच्या लघवीतली साखर कमी होते आहे. इन्सुलिन येईपर्यंत वैद्यांच्या हाती आहाराशिवाय फारसं काही नव्हतंच. १९२२ साली टोरांटोत पहिल्या रुग्णाला इन्सुलिन टोचलं गेलं आणि मरणाच्या दारातली मुलं उठून बसली. तिथून पुढे ताटाचं महत्त्व मागे पडलं असेल तर मला त्याचं नवल वाटत नाही. इतकं मोठं औषध हाती आल्यावर कोणाचंही तसंच झालं असतं.

आजचा पुरावा काय सांगतो, हेही मी वाचलं आहे. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१९ च्या आहारविषयक अहवालात म्हटलं की रक्तशर्करा सुधारण्यासाठी कर्बोदकांचं एकूण प्रमाण कमी करण्यामागे सर्वांत जास्त पुरावा आहे. २०२१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २३ चाचण्यांचं, १,३५७ लोकांचं एकत्रित विश्लेषण आलं. सहा महिन्यांनी लो-कार्ब गटातल्या ५७ टक्के लोकांचं एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी चाचणी) ६.५ च्या खाली होतं, इतर आहार घेणाऱ्या गटात ३१ टक्के. वर्ष उलटल्यावर मात्र हा फरक बराच ओसरला, वजनातलाही. माझे पहिले डॉक्टर म्हणाले होते ते 'टिकत नाहीत' हेच. मी ते नाकारत नाही. पण न टिकणाऱ्या गोष्टीला उत्तर म्हणून तिला टिकवायला मदत करायची असते. गोळ्या घ्यायला विसरणाऱ्या रुग्णाला तुम्ही 'गोळ्या टिकत नाहीत' असं सांगत नाही.

आणि कर्बोदकं कमी करणं हा एकमेव मार्ग आहे असंही मी म्हणत नाही. न्यूकॅसलचे मधुमेह संशोधक रॉय टेलर यांचं म्हणणं मला सर्वांत पटलं: यकृतात आणि स्वादुपिंडात साचलेली चरबी हे मूळ दुखणं, आणि ती उतरली की काम भागतं, मग ती कशाने का उतरेना. २०११ च्या त्यांच्या छोट्या अभ्यासात ११ जणांना आठ आठवडे रोज सुमारे ६०० कॅलरींवर ठेवलं, तेव्हा उपाशीपोटीची साखर आठवडाभरातच नॉर्मलला आली. पुढे टेलर आणि ग्लासगोचे माइक लीन यांनी 'डायरेक्ट' नावाची मोठी चाचणी केली. तिचे निकाल २०१७ च्या अखेरीस आले. त्या लोकांना तीन ते पाच महिने रोज ८२५ ते ८५३ कॅलरींची पेयं आणि सूप दिलं होतं. तो कमी उष्मांकांचा आहार होता, लो-कार्ब नव्हे, हे उत्साहाच्या भरात अनेकजण विसरतात. वर्षअखेर ४६ टक्के लोक औषधांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली होते, दोन वर्षांनी ३६ टक्के. पहिल्या वर्षात ज्यांचं वजन १५ किलो किंवा त्याहून जास्त उतरलं, त्यांच्यात ८६ टक्के.

या आकड्यांवर खूप बोललं जातं. मला मात्र त्या चाचणीतली एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. ज्या दिवशी आहार सुरू झाला, त्याच दिवशी मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या थांबवल्या गेल्या. देखरेखीखाली, ठरवून, पुन्हा लागल्या तर पुन्हा सुरू करायच्या अशा तयारीने. इन्सुलिन घेणाऱ्यांना त्या चाचणीत घेतलंच नव्हतं. म्हणजे ज्यांनी हे शास्त्रशुद्ध केलं, त्यांनी ताटाला हात लावण्याआधी चिठ्ठीला हात लावला. मी उलटं केलं, कारण चिठ्ठी माझ्या हातात नव्हती.

आता माझी विनंती. रुग्ण म्हणाला, 'मी कार्ब कमी करणार आहे,' तर पहिला प्रश्न 'का?' असा नको, 'कोणत्या गोळ्या घेता?' असा असावा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड ही औषधं ताटात काय आहे ते न बघता स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. इंजेक्शनचं इन्सुलिनही ताट न बघताच काम करतं. ताट हलकं झालं की यांचा डोस आधी कमी व्हायला हवा, आणि किती ते फक्त तुम्हीच ठरवू शकता. नुसतं मेटफॉर्मिन घेणाऱ्याला हा धोका फारसा नाही, त्याला निदान घाबरवू तरी नका.

लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या एसजीएलटी-२ गटातल्या गोळ्यांचं, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांचं प्रकरण मला सर्वांत जास्त धास्तावतं. त्या घेत असताना कर्बोदकं फार तोडली तर कीटोअॅसिडोसिस (रक्तात आम्ल धोकादायक पातळीला वाढणं) होऊ शकतो, आणि तोही रक्तातली साखर जेमतेम वाढलेली असताना. अमेरिकेच्या औषध नियामकाने याचा इशारा २०१५ मध्येच दिला. रुग्णाला मळमळ होते, उलट्या होतात, धाप लागते. तो ग्लुकोमीटर लावतो, आकडा बरा दिसतो, आणि तो झोपून राहतो. ज्यांच्या चिठ्ठीवर हे औषध आहे त्यांच्यातल्या किती जणांना हे माहीत आहे? हा प्रश्न मी तुम्हाला खरंच विचारते आहे. माझ्या ओळखीत दोन जण ही गोळी घेतात. दोघांनाही माहीत नव्हतं.

रक्तदाबाचंही तसंच. इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडं मीठ आणि पाणी बाहेर टाकतात, आणि गोळी तीच राहिली तर उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. मला तिसऱ्या आठवड्यात आली. मी तिला अशक्तपणा समजले आणि कार्ब वाढवायचा विचार करू लागले. गोळी अर्धी केल्यावर अंधारी थांबली.

ही गोळी ज्यांनी अर्धी केली त्या माझ्या आताच्या डॉक्टर. जिन्यातल्या प्रसंगानंतर चार दिवसांनी मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले आणि सगळं सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी कोरा कागद घेतला, एका बाजूला माझं दिवसभराचं खाणं लिहिलं, दुसऱ्या बाजूला गोळ्या. ग्लिमेपिराइड बंद केली. दोन आठवडे रोज चार वेळा साखर तपासून आकडे पाठवायला सांगितले. साखर झपाट्याने उतरली तर आधीपासून खराब असलेला डोळ्याचा पडदा सुरुवातीला बिघडू शकतो, म्हणून आधी डोळे तपासून घ्यायला लावले. काहींचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढतं, म्हणून तीन महिन्यांनी ते बघितलं. माझं वाढलं नव्हतं. मूत्रपिंडाचा आजार असता, मी गरोदर असते किंवा खाण्याशी माझं नातं आधीच बिघडलेलं असतं, तर या वाटेला जाऊ दिलं नसतं, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं. या सगळ्याला पंचवीस मिनिटं लागली. तुमच्याकडे प्रत्येकासाठी पंचवीस मिनिटं नसतात, मला कल्पना आहे. पण ती एकदाच लागतात.

वर्षभरात माझं वजन ९२ वरून ७९ वर आलं. एचबीए१सी ८.६ वरून ६.२ झालं. मेटफॉर्मिन चालू आहे, त्यामुळे याला रेमिशन म्हणता येत नाही. तो शब्द वापरायचा तर औषधं थांबवून किमान तीन महिने एचबीए१सी ६.५ च्या खाली राहायला हवं, हे २०२१ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी ठरवलं आहे. मोबाइलवर रोज कोणी ना कोणी 'मधुमेह कायमचा बरा' असं सांगत असतं. वजन पुन्हा चढलं की साखरही चढते, हे ते सांगत नाहीत. त्यांच्यावर मला राग आहे, कारण औषध बंद करा असं सांगताना कोणतं आणि कशा क्रमाने, याची जबाबदारी ते घेत नाहीत. पण माणसं त्यांच्याकडे का जातात? तिथे कोणीतरी त्यांच्या जेवणाबद्दल बोलतं. तुमच्या खोलीत जेवणाबद्दलचं बोलणं 'गोड टाळा' या दोन शब्दांत संपतं. भात, पाव, बटाटा आणि फळांचा रस यांचंही पोटात गेल्यावर ग्लुकोजच होतं, हे मला निदानानंतर पाच वर्षांनी स्वतः वाचून कळलं. तोवर मी चहातली साखर सोडून रोज सकाळी संत्र्याचा रस पीत होते, आरोग्यासाठी.

आहारतज्ज्ञांना एक खास विनंती. छापील तक्ता देण्याआधी विचारा, हा माणूस दिवसभरात किती ग्रॅम कर्बोदकं खातो. बहुतेकांना स्वतःलाच अंदाज नसतो. तीनशेवरून दीडशेवर येणं हेही मोठं पाऊल असतं, सगळ्यांनी केटो करायची गरज नाही. आणि वजन थांबलं की काय करायचं ते आधीच सांगून ठेवा. माझं वजन ७९ वर पाच महिने अडलं, कारण बदामाची मूठ मोठी होत गेली होती आणि चीजचा तुकडाही. कर्बोदकाच्या एका ग्रॅमला चार कॅलरी आणि चरबीच्या ग्रॅमला नऊ, हा हिशेब लो-कार्बमध्येही सुटत नाही.

चिठ्ठीवर गोळीचं नाव लिहिताना तुम्ही पुढे 'जेवणाआधी' किंवा 'जेवणानंतर' असं लिहिता. त्याच ओळीत आणखी चार शब्द लिहा: 'जेवण बदलल्यास आधी विचारा.' शिक्काच करून घ्या. आणि रुग्ण विचारायला आला, फोनवर असो की समोर, तर त्याला उत्तर मिळू द्या. तुम्हाला तो आहार पटत नसेल तरीही. तो तुमच्या परवानगीशिवायही करणारच आहे. तुम्ही फक्त त्याच्या गोळ्या सांभाळा.

माझी पुढची तपासणी बारा दिवसांनी आहे. गेल्या चार महिन्यांत माझं वजन दोन किलोने वाढलं आहे आणि उपाशीपोटीची साखर १३० च्या आसपास रेंगाळते आहे. संध्याकाळी पुन्हा पाव खायला लागले आहे. हे सगळं मी त्या कोऱ्या कागदाच्या डाव्या बाजूला लिहून नेणार आहे.

आपली,
एक रुग्ण